आधी हवा मोजा, मग मेकॅनिक बोलवा



मागच्या खेपेस आपण बियाण्याची उगवण घरच्या घरी गोणपाटात कशी तपासावी ते पाहिले. आज विषय जरा वेगळा आहे. आज बी नाही, खत नाही, कीड नाही. आज हवा. तीही आभाळातली नव्हे, ट्रॅक्टरच्या टायरमधली.

काही जण म्हणतील, साहेबांनी आता पंक्चरचे दुकान टाकले की काय! तसे नाही. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस, मेकॅनिक नव्हे. पण या चैत्रात एका घरी जे पाहिले ते तुम्हांला सांगितल्यावाचून राहवत नाही. कारण त्या घरातल्या माऊलीच्या हातातल्या पाटल्या गहाण पडता पडता राहिल्या, आणि कारण निघाले ते एवढेच, की एका चाकातली हवा कोणी मोजली नव्हती.

माती परीक्षणाचे नमुने घ्यायला त्या गावी गेलो होतो. ज्यांच्या रानात खड्डे घ्यायचे ते गृहस्थ साठीच्या घरातले. गाव त्यांना नाना म्हणते, मीही नानाच म्हणतो. भारी काळे रान, पाच एकर ऊस, बाकी ज्वारी-हरभरा. ट्रॅक्टर दोन वर्षांपूर्वी जुना घेतलेला, पंचेचाळीस अश्वशक्तीचा. हंगामभर उसाची ट्रॉली ओढली आणि फाल्गुन सरल्यावर खोडवा मोडून रान नांगरायला काढले. मी पोचलो तर नांगर रानात उभा आणि ट्रॅक्टर घरी अंगणात.

"का हो नाना, नांगरट थांबवली?"

"थांबवली न्हाई साहेब, थांबली. नांगर टाकला की ट्रॅक्टर बेडकावानी उड्या मारतोय. डावं चाक जागच्या जागी फिरतंय. पोराची कंबार पार गेली. परवापासनं पालथा पडून हाय."

"मेकॅनिकला दाखवलं?"

"दाखवलं. तो म्हणतोय मागचं घर खोलावं लागंल, आत गिअरचं काम असंल. चाळीसभर हजार लागतील म्हणला. सोसायटीचं कर्ज अजून फिटलं न्हाई. आता हिच्या पाटल्या ठेवायच्या ठरल्यात."

एवढ्यात आक्का चहा घेऊन बाहेर आल्या. कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पाटल्यांचं काय न्हाई साहेब, पोराच्या जिवापरीस त्या मोठ्या हाईत व्हय? पर मी रोज सकाळी अंगणात सडा टाकते. वल्या मातीत ह्या ट्रॅक्टरचं ठसं उमटत्यात. एका अंगाचा ठसा रुंद पडतोय, दुसऱ्या अंगाचा चिंचोळा. दोन पाय सारखं नसल्यावर माणूस लंगडतंय, मग ह्यो का न्हाई लंगडायचा? पर माझं कोण ऐकतंय!"

मी कप तसाच ठेवला आणि अंगणात ठसे पाहायला उठलो. आक्कांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. उजव्या चाकाचा ठसा काठापासून काठापर्यंत उमटला होता. डाव्या चाकाचा फक्त मधला भाग टेकत होता, कडांचे दात मातीला लागलेच नव्हते.

ट्रॅक्टरची स्प्रिंग कुठे असते?

आता थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. जीप, एस.टी., ट्रक या गाड्यांना चाकांवर पाटे किंवा स्प्रिंगा असतात. खड्डा आला तर धक्का त्या स्प्रिंगा खातात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांना मात्र पाटा नाही, स्प्रिंग नाही. चाकाचा आस थेट ट्रॅक्टरच्या अंगालाच घट्ट बसवलेला असतो. मग धक्का खाते कोण? टायरमधली हवा. उरलेला थोडा धक्का बसायच्या सीटखालची स्प्रिंग खाते आणि त्याच्याही पलीकडचा चालवणाऱ्याचा मणका.

पूर्वी ट्रॅक्टरला लोखंडी चाके असत. हवेचा टायर व्यवहारात आणला तो आयर्लंडमधल्या बेलफास्ट गावच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने, १८८८ साली, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी. आपण ज्या रबरी चाकांच्या बैलगाडीला अजून डनलॉप म्हणतो ते त्याचेच नाव. ट्रॅक्टरला मात्र हवेचा टायर मिळायला १९३२ साल उजाडले. अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला असे टायर लावले. लोक हसले. रबर शेतात टिकणार कसे, असे म्हणाले. पण हवेच्या टायरवर तोच ट्रॅक्टर कमी इंधनात जास्त काम करू लागला, माणसाला धक्के कमी बसू लागले, आणि आठ-दहा वर्षांत लोखंडी चाके मागे पडली.

तेव्हा ध्यानात ठेवा, टायरमधली हवा ही नुसती टायर फुगवण्यासाठी नाही. ती ट्रॅक्टरची स्प्रिंग आहे, तीच त्याची जमिनीवरची पकड आहे, आणि ती किती आहे यावर तुमच्या रानाची माती किती दाबली जाणार तेही ठरते. हवा फार झाली की टायर दगडासारखा होतो, मधला भागच टेकतो, पकड सुटते, चाक घसरते आणि उड्या मारते. हवा फार कमी झाली की टायरची बगल चिरते, टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल मुळापासून तुटतो.

नानांच्या ट्रॅक्टरला झाले होते काय

पंक्चरवाल्याकडून हवेचे मीटर मागवले. मोजले तर डाव्या चाकात ३० पौंड, उजव्यात १३. (पौंड म्हणजे दर चौरस इंचावर इतके पौंड दाब. मीटरवर पी.एस.आय. लिहिलेले असते ते हेच.) पोराला विचारले, तेव्हा गोष्ट उलगडली. माघ महिन्यात उसाच्या फडात एक बुडखा लागून डावे चाक पंक्चर झाले होते. जुन्या मालकाने दोन्ही मागच्या चाकांत पाणी भरलेले होते. पंक्चर काढताना डाव्यातले पाणी सांडले, ते परत कोणी भरले नाही. नुसती हवा भरली, आणि ट्रॉली ओढायची म्हणून ती चांगली कडक भरली.

म्हणजे उजवे चाक पाण्याने जड आणि मऊ, डावे हलके आणि कडक. सडकेवर ट्रॉलीमागे हे फारसे जाणवले नाही. पण नांगरताना उजवे चाक तासात, म्हणजे खाली चालते. त्यामुळे ट्रॅक्टर उजवीकडे कलतो आणि डाव्या चाकावरचे वजन आधीच कमी होते. त्यात ते चाक पाण्याविना हलके आणि हवेने टणक. मग ते घसरणार नाही तर काय होईल? ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांची रचनाच अशी असते, की एक चाक मोकळे फिरू लागले की दुसऱ्यालाही पुरती ओढ मिळत नाही. चाक घसरते, परत पकडते, परत घसरते. तीच नानांची बेडूकउडी.

मी मेकॅनिकला दोष देत नाही. त्याच्याकडे तक्रार आली ती "मागून उड्या मारतोय" अशी. पण आपल्या घरची गोष्ट आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. डाव्या चाकातले पाणी गेले होते हे पोराला माहीत होते, ते त्याने कोणाला सांगितले नाही, कारण ते सांगण्याजोगे आहे असे त्याला वाटलेच नाही.

त्याच दुपारी डाव्या चाकात बादलीने मोजून सुमारे दीडशे लिटर पाणी भरले आणि दोन्ही चाकांत हवा १३ पौंडांवर आणली. मग कॉलेजात शिकवलेली एक साधी चाचणी केली. ती तुम्हीही करू शकता.

चाक किती घसरते ते मोजा

मागच्या चाकावर खडूने ठळक खूण करा. ज्या रानात नांगरायचे तिथेच, नांगर उचललेला ठेवून, ट्रॅक्टर नेहमीच्या गिअरमध्ये चालवा आणि चाकाचे बरोबर दहा फेरे होईपर्यंत किती अंतर कापले ते टेपने मोजा. मग नांगर नेहमीच्या खोलीवर टाकून पुन्हा दहा फेरे मोजा. दुसरे अंतर कमी भरेल. जेवढे कमी तेवढी घसरण.

नानांच्या ट्रॅक्टरचे दहा फेऱ्यांचे मोकळे अंतर ४१ मीटर भरले. दुरुस्तीआधी आम्ही एकदा नांगर टाकून पाहिला होता, तेव्हा ३१ मीटरच गेला. म्हणजे ४१ मीटरांत १० मीटर फुकट, शंभरात २४ इतकी घसरण. पाणी-हवा सारखी केल्यावर तो ३६ मीटर गेला. घसरण १२ वर आली. नांगरटीत शंभरात १० ते १५ घसरण चालते. त्याहून जास्त असेल तर तुमचे डिझेल आणि टायरचे रबर मातीत चालले आहे असे समजा. आणि ती अगदीच कमी, चार-पाचवर असेल, तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन लादलेले आहे. ते ओझे वाहायलाही डिझेल लागतेच.

उड्या थांबल्या. मागचे घर खोलावे लागले नाही.

हवा किती असावी?

प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर पुस्तक मिळते. त्यात टायरच्या मापाप्रमाणे हवा दिलेली असते. तोच आकडा प्रमाण माना. पुस्तक हरवले असेल तर विक्रेत्याकडून आकडा लिहून आणा आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. ढोबळ मानाने सांगायचे, तर चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत शेतकामाला १२ ते १४ पौंड, ट्रॉली ओढताना १८ ते २० पौंड, आणि पुढच्या लहान चाकांत २४ ते ३० पौंड हवा असते. ट्रॉलीच्या चाकांचे गणित निराळे. त्यांची हवा टायरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे आणि भाराप्रमाणे.

रोज सकाळी शेतासाठी हवा सोडा आणि संध्याकाळी सडकेसाठी भरा, हे कोणाला जमणार नाही हे मलाही कळते. निदान हंगामाप्रमाणे तरी बदला. ऊस वाहतूक संपली की नांगर जोडण्याआधी हवा उतरवा. नांगरट संपून ट्रॉली जोडली की पुन्हा वाढवा. कमी हवेवर भरलेली ट्रॉली घेऊन सडकेने पळालात तर टायर तापतो, बगला चिरतात आणि नवा टायर दोन हंगामांत जातो.

हवा नेहमी सकाळी, चाक थंड असताना मोजा. चाललेला टायर तापलेला असतो, त्यात आकडा जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडली तर सकाळी ती कमी भरते. मीटर काही शे रुपयांत मिळते. काठी आपटून किंवा लाथ मारून हवा कळते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १२ आणि २० मधला फरक लाथेला कळत नाही.

खोड दिसली की कुठून सुरुवात करावी

ट्रॅक्टर एका बाजूला कललेला दिसला तर तो सपाट जागी उभा करा. दोन्ही मागच्या चाकांच्या आसाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. फरक निघाला तर आधी हवा, मग पाणी, मग टायरची झीज पाहा. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला टायर असला तरी ट्रॅक्टर कलतो.

ट्रॅक्टर उड्या मारत असेल तर दोन्ही चाकांतली हवा सारखी आहे का, पाणी दोन्हींत आहे का, हे पाहा. पाणी काठोकाठ भरले असेल तर तेही वाईट. मग हवेला जागाच उरत नाही, आणि जिथे हवा नाही तिथे स्प्रिंग नाही. पाणी दाबले जात नाही, दाबली जाते ती हवा.

स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढच्या चाकांची हवा, मग चाकाचे नट, मग चाक जॅकवर उचलून हलवून बेअरिंगमधला खेळ, मग बुश आणि टाय रॉड, या क्रमाने जा. स्वस्तातून महागात जावे, महागातून स्वस्तात येऊ नये.

सडकेवर ट्रॅक्टर एका अंगाला ओढत असेल तर हवा पाहाच, पण ब्रेकही पाहा. शेतात वळण्यासाठी डावा-उजवा ब्रेक वेगळा ठेवतात. सडकेवर येताना दोन्ही पायट्या जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. एकाच चाकाला ब्रेक लागला तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला फिरवून टाकते. असे अपघात उसाच्या हंगामात आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

हवा रोज कमी होत असेल तर संध्याकाळी मोजून भरा, सकाळी पुन्हा मोजा. आधी वॉलच्या तोंडावर थुंकी लावून पाहा, बुडबुडा आला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्यात माती आहे. वॉलवरची टोपी हरवू देऊ नका, तिच्याविना चिखल आत जातो. मग साबणाचे पाणी टायरभर लावा. पऱ्हाटीचे खुंट, उसाचे बुडखे, बाभळीचा काटा हे आपले नेहमीचे गुन्हेगार. नवीन बिनट्यूबचे टायर असतील तर रिमच्या कडेलाही साबण लावा.

हे सगळे करूनही खोड राहिली, घरातून ठोके ऐकू आले, तेल गळू लागले, तर मात्र वेळ न घालवता जाणता मेकॅनिक बोलवा. आणि त्याला मागचे पंक्चर, मागची दुरुस्ती, सगळे सांगा. डॉक्टरपासून दुखणे लपवत नाही, तसेच हे.

पाणी भरताना आणि हवा भरताना

पाणी भरायचे चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. वॉल सगळ्यात वर येईल असे चाक फिरवा. पिन काढून उंचावरच्या टाकीतून नळीने पाणी सोडा. मधून मधून नळी काढून आतली हवा बाहेर जाऊ द्या. वॉलमधून पाणी परत येऊ लागले की थांबा. त्या वेळी टायर सुमारे तीन चतुर्थांश भरलेला असतो आणि वरचा चौथा हिस्सा हवेसाठी राहतो. तो राहायलाच हवा. मग पिन बसवून हवा भरा आणि वॉल वरच ठेवून मोजा, म्हणजे मीटरमध्ये पाणी जाणार नाही. दोन्ही चाकांत पाणी सारखेच भरा. एकातले काढले तर दुसऱ्यातलेही काढा.

टायर रिमवर बसत नाही म्हणून हवा वाढवत जाऊ नका. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची कड बसवताना ३५ पौंडांवर जाऊ नये. न बसली तर हवा सोडून, कडेला साबणपाणी लावून पुन्हा प्रयत्न करा. हवा भरताना टायरसमोर वाकून उभे राहू नका, लांब नळी वापरा, मुलांना दूर ठेवा. आणि रिमला वेल्डिंग करायचे तर टायर उतरवूनच. टायर चढलेल्या रिमवर वेल्डिंग केले तर आतली हवा तापून टायर बाँबसारखा फुटतो आणि माणसे दगावतात.

महागड्या गाड्यांचेही तेच

मुंबई-पुण्याच्या आरामबसमध्ये तुम्ही बसला असाल. थांब्यावर ती फुस्स करून खाली बसते. तिच्या चाकांवर पाट्यांऐवजी रबराच्या हवाभरल्या पिशव्या असतात. डोंगरदऱ्यांत चालणाऱ्या मोटारींनाही अशा पिशव्या येऊ लागल्या. इंग्लंडच्या रेंज रोव्हर गाडीला त्या १९९२ साली बसवल्या गेल्या. एक कॉम्प्रेसर हवा भरतो, टाकीत साठवतो, वॉल ती चारी पिशव्यांना वाटतात आणि प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर गाडीची उंची सांगतो.

आमच्या नात्यातल्या एका मुलाने शहरात अशी एक जुनी जीपगाडी घेतली. रात्री उभी केली की सकाळी एक कोपरा बसलेला. दिवसभर कॉम्प्रेसर घरघरत राही. एक दिवस तो जळाला. नवा घातला, तोही काही महिन्यांत गेला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने साबणाचे पाणी घेतले आणि त्या कोपऱ्यातल्या पिशवीच्या घडीत बारीक चीर दाखवली. कॉम्प्रेसर बिचारा गळक्या घागरीत पाणी भरत होता. दोन कॉम्प्रेसर गेले, पिशवी मात्र जागच्या जागी. अशा गाडीचा एकच कोपरा बसत असेल तर त्या पिशवीत किंवा तिच्या नळीच्या जोडात गळती शोधावी, आणि नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कधी शिरू नये. खाली घोडे लावूनच शिरावे.

गाडी लाखांची असो की पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर असो, रीत एकच. आधी गळती, मग यंत्र. आधी डोळे, मग पाना.

पोराची कंबर

शेवटी एक सांगायचे राहिले, आणि तेच मला जास्त महत्त्वाचे वाटते. ट्रॅक्टर दुरुस्त होतो, मणका होत नाही. वर्षानुवर्षे धक्के खाणाऱ्या चालकांना कंबरेची दुखणी जडतात, हे आता जगभर ठाऊक आहे. आपल्याकडे विशीतली पोरे दिवसाला दहा-बारा तास सीटवर असतात. सीटखालच्या स्प्रिंगला चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ताण देण्याची मूठ असते. पन्नास किलोच्या पोराला आणि नव्वद किलोच्या बापाला एकच ताण कसा चालेल? ती मूठ गंजलेली असेल तर तेल घाला आणि फिरवून पाहा. सीटची स्प्रिंग तुटली असेल तर गोणपाट घालून भागवू नका. दर दोन तासांनी खाली उतरून दहा पावले चाला. आणि कंबर दुखून कळ पायात उतरू लागली तर चोळून भागणार नाही, डॉक्टरांकडे जावे.

नानांच्या पोराला आठवडाभर विश्रांती सांगितली होती. तोवर नानांनी स्वतः नांगरट पुरी केली. पुढे माती परीक्षणाचे कागद द्यायला गेलो, तर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगाने लिहिलेले दिसले: "शेत १३, ट्रॉली १८". अक्षर पोराचे. हवेचे मीटर देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला टांगलेले. पाटल्या आक्कांच्या हातातच होत्या.

मी म्हटले, "आक्का, मेकॅनिकनं सांगितलं नाही ते तुम्ही सांगितलंत."

त्या म्हणाल्या, "मी काय सांगतीया साहेब, मातीनं सांगितलं. मी निस्ती रोज बघत व्हते."

बंधू-भगिनींनो, उद्या सकाळी सडा टाकल्यावर ट्रॅक्टर अंगणातून एकदा पुढे घ्या आणि दोन्ही ठसे शेजारी उभे राहून पाहा. सारखे असतील तर उत्तम. नसतील तर मीटर आणा. घरातल्या बायकांना काही वेगळे दिसले असेल तर आवर्जून विचारा.

तुमच्या ट्रॅक्टरची एखादी खोड आणि तिचा तुम्हांला सापडलेला इलाज असेल तर पत्राने कळवा. दहा घरांना त्याचा उपयोग होईल. पुढच्या अंकी उन्हाळी नांगरटीनंतर रान किती दिवस तापू द्यावे, याविषयी बोलू.